पाळीत लई जातंय? आधी कारण शोधा, पिशवीचं नंतर बघू

आमच्या बीड जिल्ह्यात तिशी-पस्तिशीतली बाई 'पाळीत लई जातंय' म्हणून दवाखान्यात गेली, की परत येताना तिच्या हातात बऱ्याचदा दोनच गोष्टी असतात. एक सोनोग्राफीचा कागद आणि दुसरा 'पिशवी (गर्भाशय) काढून टाका' हा सल्ला. जास्त का जातंय, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मी धारूर-केजच्या डोंगरपट्ट्यात उपकेंद्रावर नर्स आहे. दसरा झाला की इथली घरंच्या घरं कुलूप लावून ऊस तोडायला साखर कारखान्याला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. त्या बायांसाठी आणि त्यांच्या लेकी-सुनांसाठी हे लिहितेय.

पाळीत जास्त रक्त जाणं हे लक्षण आहे. त्याच्यामागं काहीतरी कारण असतं, त्या कारणाला नाव असतं, आणि बहुतेक कारणांवर गोळ्यांनी किंवा छोट्या उपायानं इलाज होतो. ते नाव कळल्याशिवाय पिशवीच्या ऑपरेशनला हो म्हणायचं नाही. २०१९ साली ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा विषय राज्यभर गाजला, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात चाळिशीच्या आतल्या कितीतरी जणी होत्या. त्यातल्या काहींना ऑपरेशनची खरंच गरज असेल. पण 'तुझं ऑपरेशन कशासाठी झालं?' असं विचारल्यावर 'पिशवी खराब झाली होती' यापलीकडं जिला काही सांगता येत नाही, अशी बाई मला आजही जवळपास प्रत्येक वस्तीवर भेटते.

जास्त म्हणजे नेमकं किती

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे सात-आठ छोटे चमचे. ८० मिलीच्या वर गेलं तर त्याला जास्त म्हणतात. घरी कुणी मोजपात्र घेऊन बसत नाही, म्हणून खुणा बघायच्या. दर एक-दोन तासाला पॅड किंवा घडी भरून बदलावी लागते का? एकावर एक दोन घड्या घ्याव्या लागतात का? रात्री बदलायला उठावं लागतं का, अंथरूण खराब होतं का? दहा रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का? आठ दिवसांच्या वर चालतं का? यातलं एक जरी दर महिन्याला होत असेल, तर तपासून घ्यायचं. आणि यातलं काहीच नसलं, पण त्या चार दिवसांत काम, झोप, घराबाहेर पडणं सगळं बंद पडत असेल, तरीही तपासून घ्यायचं. 'बाईच्या जातीला असतंच' या वाक्यानं आमच्याकडं फार बायांचं रक्त आटवलं आहे.

मी बायांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशोब ठेवायला लावते. पाळीच्या प्रत्येक दिवसाच्या चौकटीत, पॅड बदललं की लगेच आकडा लिहायचा. पॅडला नुसता डाग असेल तर १, मध्यम भरलं असेल तर ५, पूर्ण भिजलं असेल तर २०. छोटी गाठ पडली तर १, मोठी पडली तर ५. कपड्यांवरून ओघळ गेला तर आणखी ५. पाळी संपल्यावर बेरीज करायची. १०० च्या वर गेली तर जास्त जातंय असं धरायचं. ही पद्धत माझी नव्हे, जगभर डॉक्टर वापरतात. ती पॅडसाठी बनवलेली आहे, त्यामुळं सुती कापडाला हिशोब तंतोतंत लागू होत नाही. कापड वापरणाऱ्यांनी किती वेळा बदललं आणि गाठी किती पडल्या, एवढं लिहिलं तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं. ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्या रेघा ओढतात. माझ्याकडची एक मावशी डागाला बारकी रेघ, भिजलेल्याला जाड रेघ आणि गाठीला गोल काढते. तिचं कॅलेंडर बघून मला बेरीज करता येते.

दोन-तीन महिन्यांचं असं कॅलेंडर घेऊन गेलेल्या बाईला घाईत परत पाठवणं कुणालाही अवघड जातं.

कारण शोधताना आधी काय विचारायचं

पहिला प्रश्न पोटुशी आहे का, हाच. पाळी आठ-पंधरा दिवस पुढं गेली आणि मग धो-धो सुरू झालं, तर तो गर्भपातही असू शकतो. एका कुशीत दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि त्यात जीव जायची वेळ येते. म्हणून लघवीची तपासणी आधी. नसबंदी झालेल्या बाईनंही ती करायची, कारण क्वचित का होईना, नसबंदीनंतरही दिवस राहतात. मेडिकलमधून आणलेल्या पाडायच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते डॉक्टरांना, निदान सिस्टरला, स्पष्ट सांगायचं. लपवलं की आत राहिलेल्या तुकड्यामुळं रक्त जात राहतं आणि ताप चढतो. त्यासाठी तुम्हाला कुणी ओरडणार असेल तर मला सांगा, मी सोबत येते. पण सांगा.

दुसरा प्रश्न, अंगात काय बसवलंय किंवा कोणतं औषध चालू आहे. तांबी (कॉपर-टी) बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं आणि दुखतंही जास्त. पुढं बहुतेकींचं कमी होतं. सहा महिन्यांनंतरही तसंच असेल, तर तांबी जागेवर आहे का ते बघायचं, आणि नकोशी वाटत असेल तर काढून दुसरं साधन घ्यायचं. तांबीमुळं वाढलेल्या पाळीवर पिशवी काढणं हा उपाय नाही. 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्यांना कधी थेंब-थेंब तर कधी बरेच दिवस जातं. ते बहुधा पुढं पुढं कमी होतं, आणि पुष्कळ जणींची तर पाळीच थांबते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, उदाहरणार्थ हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेल्यांना असतात, तर पाळीत जास्त जातं. त्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आमच्याकडं आणखी एक कारण फार आहे, आणि ते कुणी सांगत नाही. नवरात्रात तुळजापूरला, माहूरला जायचंय, घरात लग्न आहे, सत्यनारायण आहे, म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय पाकीट देतो. गोळ्या थांबवल्या की दोन-चार दिवसांत पाळी येते आणि ती कित्येकदा नेहमीपेक्षा जोरात येते. वर्षातून चार सणांना चार वेळा घेणाऱ्या बायांचं पाळीचं सगळं चक्रच विस्कटलेलं मी बघते. 'पाळीत जास्त जातं' म्हणून आलेल्या प्रत्येकीला मी हे विचारते आणि बऱ्याच जणी मान खाली घालून हो म्हणतात. देवीला चालत नाही की नाही यावर मी वाद घालत नाही. पण या गोळ्या म्हणजे हार्मोन आहेत. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बाईनं, लिव्हरचा त्रास असलेल्या बाईनं त्या घेऊच नयेत.

बाया मला हमखास विचारतात, 'कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झाल्यापासून वाढलंय का?' मोठ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. त्या ऑपरेशनात फक्त नळ्या बंद करतात, पाळीशी त्यांचा संबंध नाही. पण आमच्याकडं ते ऑपरेशन बावीस-पंचविशीत होतं, आणि पुढच्या दहा वर्षांत दुसरं एखादं कारण तयार होतं. दोष मात्र त्याच ऑपरेशनवर येतो आणि खरं कारण शोधायचं राहून जातं.

वयाप्रमाणं कारणं बदलतात

पाळी नुकतीच सुरू झालेल्या पोरीला पहिली दोन-तीन वर्षं जास्त आणि अनियमित जाऊ शकतं, कारण दर महिन्याला बीज सुटायची घडी अजून बसलेली नसते. बीज सुटलं नाही की पिशवीच्या आतल्या अस्तराला आवर घालणारं हार्मोन तयार होत नाही. मग अस्तर जाड होत राहतं. भिंतीला सारवणावर सारवण चढत गेलं की पुढं त्याचे पोपडे सुटतात, तसं ते अस्तर कुठूनही, कसंही सुटतं आणि रक्त दिवसेंदिवस चालू राहतं. हेच पाळी जायच्या आधीच्या चार-पाच वर्षांतही होतं, आणि पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा त्रास) असलेल्या, वजन वाढलेल्या बायांत मधल्या वयातही होतं. थायरॉईड कमी असलं तरी पाळी वाढते. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर पाळी आपोआप ताळ्यावर आलेल्या बाया माझ्या गावांत आहेत. त्यांची पिशवी शाबूत आहे.

पोरींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पहिल्याच पाळीपासून भरभरून जात असेल, आणि शिवाय नाकातून वरचेवर रक्त येत असेल, दात घासताना हिरड्यांतून येत असेल, जरा धक्का लागला की अंगावर काळे-निळे वळ उठत असतील, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, किंवा तिच्या आईला बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो. त्यातला जास्त आढळणारा म्हणजे व्हॉन विलब्रँड. प्लेटलेट (रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी) कमी असल्या तरी असंच होतं. या पोरींची पिशवी एकदम चांगली असते, दोष रक्तात असतो. त्यांना ॲस्पिरिन किंवा दुखण्याची कोणतीही गोळी मनानं द्यायची नाही, आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं. मला सगळ्यात जास्त काळजी याच पोरींची वाटते, कारण शाळा बुडते, मग शाळा सुटते आणि मग लग्न लावून देतात. पुढं बाळंतपणात काय होईल याचा विचार करा.

तिशीनंतर पिशवीतलीच कारणं जास्त दिसायला लागतात. सगळ्यात ओळखीची म्हणजे फायब्रॉईड, पिशवीच्या स्नायूची गाठ. गाठ म्हटलं की बाईचं तोंड पांढरं पडतं, म्हणून हे नीट वाचा: फायब्रॉईड ही कॅन्सरची गाठ नसते. फार बायांना ती असते आणि पुष्कळ जणींना आयुष्यभर कळतही नाही. ती कुठं आहे यावर त्रास ठरतो. आतल्या पोकळीत घुसलेली छोटीशी गाठ भरपूर रक्त घालवते, तर बाहेरच्या बाजूला असलेली लिंबाएवढी गाठ गप पडून राहते. पाळी गेल्यावर या गाठी आकसतात. दुसरं कारण ॲडिनोमायोसिस. यात आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरतं. पिशवी सुजल्यासारखी मोठी होते, पाळी जास्त जाते आणि कळा अशा येतात की बाई गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. तिसरं कारण पॉलिप, अस्तरावर उगवलेला मऊ कोंब. यात दोन पाळ्यांच्या मध्येही डाग पडतात. दुर्बिणीतून तो काढला की संपलं.

पंचेचाळिशीच्या पुढं, आणि त्याआधीही जिला साखर आहे, वजन फार आहे किंवा वर्षानुवर्षं पाळी अनियमित आहे, तिच्यात अस्तर जाड होऊन पुढं कॅन्सरकडं जाण्याची शक्यता बघावी लागते. त्यासाठी अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पाळी जाऊन वर्ष झालं आणि मग एक डाग जरी पडला, तर थांबायचं नाही. 'परत पाळी आली, म्हणजे तब्येत सुधारली' असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मला भेटतात. त्यांना मी त्याच आठवड्यात तपासणीला पाठवते.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची खूण वेगळी. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त येणं, दोन पाळ्यांच्या मध्ये येणं, घाण वासाचं पाणी जाणं. त्याची तपासणी अगदी साधी असते आणि या बाबतीत मराठवाड्यानं जगाला शिकवलं आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायांवर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी टाटा हॉस्पिटलबरोबर अभ्यास केला. २००९ साली त्याचा निकाल छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी केली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे आपल्याच बायांनी दाखवून दिलं. म्हणून 'पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल' असं कुणी घाबरवलं, तर म्हणायचं: मग आधी कॅन्सरची तपासणी करा.

तपासण्या, आणि सोनोग्राफीचा तो कागद

सुरुवातीच्या तपासण्या एवढ्याच: लघवीवर पोटुशी आहे का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटसह रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉईड, सोनोग्राफी, आणि आतून तपासून पिशवीच्या तोंडाची तपासणी. लग्न न झालेल्या पोरीला आतून तपासायची गरज नसते, पोटावरून सोनोग्राफी होते. रक्त-लघवी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, सोनोग्राफीला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं लागतं.

कागद हातात आला की बाया तो माझ्याकडं घेऊन येतात.

"सिस्टर, पिशवीला सूज हाय म्हणले. काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल म्हणले."

"कागद दाव. अन् त्यांनी कशामुळं जातंय म्हणून सांगितलं?"

"ते न्हाई सांगितलं."

कागदावर लिहिलेलं असतं 'बल्की युटेरस'. म्हणजे पिशवी जरा मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. या शब्दानं काढायचं कारण सिद्ध होत नाही. 'नॅबोथियन सिस्ट' लिहिलेलं असतं. पिशवीच्या तोंडावरचे हे बारके फोड निरुपद्रवी असतात, त्यांना काही करायचं नसतं. 'ओव्हरीत २ सेंटीमीटरची सिस्ट' लिहिलेलं असतं. पाळी चालू असलेल्या बाईत बीज तयार होताना एवढा फुगा दर महिन्याला येतो आणि जातो. 'एंडोमेट्रियल थिकनेस' म्हणजे अस्तराची जाडी. ती पाळीच्या दिवसांप्रमाणं बदलते, म्हणून सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली हे कागदावर लिहून घ्यायचं. पाळी गेलेल्या बाईत मात्र हाच आकडा महत्त्वाचा असतो. 'फायब्रॉईड' किंवा 'पॉलिप' लिहिलं असेल तर किती सेंटीमीटरचा, आतल्या पोकळीत आहे की बाहेरच्या बाजूला, हे विचारायचं. 'पांढरं जातं' हे तर पिशवी काढायचं कारण होऊच शकत नाही. त्यावर गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि काही वेळा नवऱ्याला पण घ्यायला लावाव्या लागतात.

डॉक्टरांसमोर बोलायला भीती वाटते, हे मला माहीत आहे. म्हणून तीन प्रश्न घरातून पाठ करून जा. मला कशामुळं जास्त जातंय, त्याचं नाव कागदावर लिहून द्याल का? यावर गोळ्यांचा इलाज करून बघितलाय का, किती महिने? मी सहा महिने थांबले तर काय होईल? रागावून बोलायचं नाही, हात जोडायचे नाहीत, सरळ विचारायचं. नाव लिहून मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतं. मिळालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवावंच लागतं.

इलाज काय काय आहेत

पहिला इलाज रक्त भरून काढण्याचा. जास्त जाण्याचं कारण कोणतंही असो, रक्त गेलेलंच असतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर ती ॲनिमिक, ८ च्या खाली असलं तर गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बाया ॲनिमिक निघाल्या होत्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मध्येच थांबून दम घ्यावा लागतो, छाती धडधडते, माती किंवा पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, ही सगळी रक्त कमी झाल्याची लक्षणं. लोहाची लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. चहा गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन बारावर आलं तरी पुढं तीन महिने गोळी चालू ठेवायची, कारण साठाही भरायचा असतो. गूळ-शेंगदाणे, तीळ, बाजरी, हरभऱ्याची भाजी जरूर खा. पण आठवर गेलेलं हिमोग्लोबिन गुळानं भरत नाही. गोळी सोसत नसेल किंवा फारच कमी असेल तर सलाईनमधून लोह देतात.

रक्त कमी करणाऱ्या गोळीचं नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. ती फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत, चार-पाच दिवस घ्यायची असते, आणि तेवढ्यानं जाणारं रक्त निम्म्याच्या आसपास येऊ शकतं. पायात किंवा छातीत रक्ताची गाठ झालेली असेल तर घ्यायची नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. मेफेनॅमिक ॲसिडनं दुखणंही कमी होतं आणि थोडं रक्तही. ती रिकाम्या पोटी नको. बीज न सुटण्याचं कारण असेल तर हार्मोनच्या गोळ्या तीन ते सहा महिने देतात. त्या रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. दोन दिवस विसरलं की परत रक्त सुरू होतं आणि बाई म्हणते गोळ्यांचा गुण नाही आला.

एक साधन मला फार मोलाचं वाटतं आणि आमच्या भागात ते बायांना माहीतच नाही. हार्मोनची तांबी. दिसायला कॉपर-टीसारखीच, बसवतातही तशीच, पण काम उलटं करते. त्यातून थोडं थोडं हार्मोन पिशवीच्या आतच सुटतं, अस्तर पातळ राहतं आणि वर्षभरात बहुतेकींचं रक्त अगदी थोडं होतं. काहींची पाळीच थांबते आणि त्यात काही वाईट नाही, रक्त आत साठत नाही. पहिले तीन-चार महिने डाग पडत राहतात, तेवढं सोसायचं. निदान पाच वर्षं चालते. बाहेर काही हजार रुपये लागतात. पण ऑपरेशनसाठी मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेणाऱ्या घराला मी आकडे मांडून दाखवते: ऑपरेशन, नंतरच्या गोळ्या आणि बुडालेला हंगाम, यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

ऑपरेशन कधी बरोबर

कॅन्सर निघाला, मोठमोठ्या गाठी आहेत, ॲडिनोमायोसिसवर गोळ्या आणि हार्मोनची तांबी दोन्ही करून झाल्या तरी रक्त थांबत नाही, मूल नको आहे, तर पिशवी काढणं हा योग्य इलाज आहे आणि तो करून घेतलेल्या बाया सुखात आहेत. अशा बाईला मी अडवत नाही. मी अडवते ती कारण न सांगता केलेल्या घाईला. आणि 'पाळीची कटकट गेली म्हणजे खाडे पडणार नाहीत', या हिशोबाला. ऊसतोडीचा एक दिवस बुडाला की मुकादम पैसे कापतो हे खरं आहे. तो अन्याय आहे. पण त्याचा इलाज बाईच्या पोटात शोधायचा नसतो.

ऑपरेशन ठरलंच तर एक प्रश्न नक्की विचारा: अंडाशयं ठेवणार का? पस्तिशीत दोन्ही अंडाशयं काढली की त्याच महिन्यात पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बाईसारखं शरीर होतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, पुढं हृदयाचा धोका वाढतो. अंडाशयांत दोष नसेल तर तरुण बाईची ती काढायची नसतात. अंडाशयं ठेवूनही नुसती पिशवी काढली तर ती थोडी लवकर थकू शकतात, म्हणून तिशीतल्या बाईनं जास्तच विचार करायचा. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवीच्या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, हेही तुम्हाला माहीत असू द्या. दुसरं मत घ्यायला अंबाजोगाईचं स्वाराती, संभाजीनगरची घाटी, लातूर आणि नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. गर्दी असते, पूर्ण दिवस जातो, भाकरी बांधून न्या. पण तिथं पिशवी काढली काय नि ठेवली काय, कुणाच्या खिशात पैसे जात नाहीत.

कारखान्याला निघायच्या आधी

गणपती ते दसरा हा तपासणीचा काळ धरा. त्या काळात केलेल्या तपासणीचा इलाज हंगामाच्या आधी सुरू होतो, आणि गोळ्या सोबत नेता येतात. लोहाच्या गोळ्या पूर्ण हंगामाच्या मागून घ्या. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, जिथं कुठं टोळी जाईल तिथला डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतो. तो नव्यानं सुरुवात करतो आणि आधीचं काही कळलं नाही की पहिला सल्ला ऑपरेशनचाच मिळतो. म्हणून सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा आणि पोराच्या मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवायला सांगा.

कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) पाणी नसतं, आडोसा नसतो, म्हणून बाया एकच घडी दिवसभर ठेवतात. त्यानं जंतू होतात. पण रक्त जास्त जाण्याचं ते कारण नव्हे. दोन्हीचा इलाज वेगळा आहे हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे. टोळीतल्या बायांनी मिळून मुकादमाकडं एक बंद आडोसा आणि पाण्याची टाकी मागा. एकटीनं मागितलं तर तो हसतो, दहा जणींनी मागितलं तर देतो, हे माझ्या गावांतल्या टोळ्यांनी करून दाखवलं आहे.

तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास झाले तरी थांबत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येतेय, घाम सुटून हातपाय गार पडलेत, श्वास लागतोय, किंवा पोटुशी असताना रक्त जातंय, तर उजाडायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा. ऊस तोडताय त्या फडाचा पत्ता सांगता येत नसेल, तर कारखान्याचं नाव, जवळच्या गावाचं नाव आणि शेताच्या मालकाचं नाव सांगा. ही तीन नावं टोळी उतरल्याच्या पहिल्याच दिवशी विचारून मोबाइलवर टाकून ठेवा, आणि सोबतच्या बाईलाही सांगून ठेवा.